बंदीतही चालणारी पेटी

रेवदंड्याला एसटी थांबते तिथून हाकेच्या अंतरावर किशोरी नाखवा हिचं दुकान आहे. बाहेर पाटी 'नेट, झेरॉक्स, लॅमिनेशन', आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कुणाचा ना कुणाचा अडकलेला अर्ज. होडीचा परवाना, मुलांचे परीक्षेचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, सगळं किशोरी करून देते. माणूस काउंटरशी येऊन "ताई, तेवढं बघा ना" म्हणाला की ती आधी ओरडते आणि मग करते. ओरडण्याचे पैसे लावत नाही, हे गावाला माहीत आहे.

जन्म मुरुडच्या कोळीवाड्यातला, बी.एस्सी. अलिबागच्या कॉलेजातून, आणि लग्न होऊन आली ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यात. नवरा विनेश होडीवर जातो. सासू सोनाबाई घरावर राज्य करतात. अशा बायका किनाऱ्यावर गावोगाव सापडतील, हिचं काय एवढं? तर हिच्या घराच्या माळ्यावर एक पेटी आहे, आणि त्या पेटीसाठी हिने काय काय केलं ते ऐकण्यासारखं आहे.

पेटी म्हणजे दुकानातला जुना कॉम्प्युटर. पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसता पत्र्याचा डबा आणि त्यातून निघालेली नेटची वायर. तो दिवसरात्र घूं घूं करत चालतो आणि परक्या माणसांचे निरोप पुढे ढकलतो. इंटरनेटवर एक जाळं आहे, ज्यातून गेलेला निरोप कुणी पाठवला ते कळत नाही. निरोप तीन अनोळखी माणसांच्या कॉम्प्युटरमधून फिरत जातो, आणि तिघांपैकी एकालाही सगळी वाट ठाऊक नसते. हे कॉम्प्युटर चालवतात ती साधी माणसं, जगभरातली, आपखुशीने. कंपनी नाही, साहेब नाही, पगार नाही.

विनेशने विचारलं होतं, "म्हंजे नक्की करतेस काय तू?"

"ओहोटीला होडी बाहेर थांबते तेव्हा मासळीच्या पाट्या कशा आणता किनाऱ्याला?"

"हातोहात. बाया चिखलात रांगेनं उभ्या ऱ्हातात."

"मधल्या बाईला काय ठाऊक असतं? कुणाच्या हातातून आली आणि कुणाच्या हातात द्यायची, एवढंच. पाटी कोणत्या होडीची, गिऱ्हाईक कोण, तिला काय करायचंय? मी ती मधली बाई."

"आनी पाटीत काय हाय ते?"

"वर झाकण असतं."

विनेशला पटलं. निदान तो गप्प झाला, आणि नवऱ्याच्या बाबतीत तेवढं पुरतं.

हे सुरू झालं रंगूमुळे. रंगू म्हणजे शेजारच्या आळीतली सुकी मासळी विकणारी. खाडीच्या कडेला तिची बोंबील वाळवायची जागा होती. एका कंत्राटदाराने खाडीतली रेती उपसायला सुरुवात केली आणि भरतीगणिक ती कड ढासळू लागली. रंगू दुकानात आली. "किशोरी, तक्रार लिव. मी सांगते तशी लिव." किशोरीने कॉम्प्युटरवर तक्रार भरली. नाव आणि मोबाइल नंबर घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून तेही घातलं. दुसऱ्या संध्याकाळी कंत्राटदाराची दोन माणसं रंगूच्या ओट्यावर बसली होती, हातात त्याच तक्रारीची छापील प्रत. मारलं नाही, शिवी दिली नाही. पाणी मागून प्यायली आणि पोरं कुठल्या शाळेत जातात ते विचारून गेली. त्यानंतर रंगूसमोर खाडीचा विषय काढला की ती बोंबलांचा भाव सांगायची.

किशोरीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नाव सांगितल्याशिवाय खरं बोलता येत नाही, ही कुठली रीत? ती शोधत बसली, वाचत बसली, आणि हे जाळं तिला सापडलं. पुढे कुणीतरी त्या उपशाचे फोटो याच वाटेने एका वार्ताहराकडे पाठवले, पेपरात छापून आले आणि उपसा थांबला. पाठवले कुणी, ते कोणालाच कळलं नाही. किशोरीही ठाऊक नाही म्हणते. तिच्या तोंडावरून काही ओळखायची सोय नाही.

वाईट माणसंही याच वाटेने जात असतील, हे तिला कळत नाही असं कुणी समजू नये. साळावच्या पुलावरून चोरही जातो, म्हणून पूल कुणी पाडत नाही. एवढं उत्तर तिने स्वतःला दिलं आणि ती कामाला लागली.

पेटी आधी दुकानातच ठेवली होती. तिथे पहिला फटका बसला. या जाळ्यातल्या कॉम्प्युटरांचे पत्ते उघड असतात, आणि काही सरकारी नि बँकांच्या साइट तसा पत्ता दिसला की दारच लावून घेतात. ऐन परवान्यांच्या दिवसांत दुकानातून परवान्याची साइट उघडेना. बाहेर होड्यांचे मालक नाखवे रांगेत, आत किशोरी घामाघूम. एक जण म्हणालाच, "ताई, तुमचं दुकान उधारीवर चाललंय काय? सरकार दार उघडीत न्हाय." कारण सापडलं तशी तिने पेटी उचलली आणि घरी माळ्यावर नेऊन ठेवली. केबलवाला प्रज्योत हा तिचाच जुना विद्यार्थी, टायपिंग तिच्याकडे शिकलेला. त्याच्याकडून पेटीसाठी वेगळी लाइन घेतली. तो डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, एवढा डेटा जातो कुठे? तुम्ही सिनेमे विकता का?" तिने त्यालाही पाट्यांची रांग समजावली. त्याने लाइन दिली आणि वर जुन्या बॅटरीचा एक इन्व्हर्टर आणून लावला.

घरात राहिल्या सोनाबाई. सोनाबाईंना पेटी आवडली नाही आणि खुपलीही नाही. माळ्यावर आपली पापडांची चटई, जुनी जाळी, नारळ, तशी ही पेटी. फक्त जाता येता तिच्यावर हात ठेवून बघायच्या. "तापलीय गो तुजी पेटी. इंजिनासारखी तापलीय." किशोरी म्हणायची, "तापू दे, आय. चालते म्हणून तापते." सोनाबाई मान हलवायच्या. ज्या बाईने चाळीस वर्षं होडीचं इंजिन घरात खाटेखाली ठेवलेलं पाहिलंय, तिला तापलेल्या यंत्राची काळजी वाटणारच.

आणि मग जून आला.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागते. होड्या वर ओढायच्या, इंजिनं उतरवायची, तेलपाणी करायचं, ताडपत्री घालायची, आणि नारळी पुनवेपर्यंत दर्याकडे बघत जाळी शिवायची. कोळीवाड्यात ही केवळ सरकारची बंदी नाही. दर्याला विसावा, माणसाला विसावा, यंत्राला विसावा. त्या दिवसांत चालू असलेलं इंजिन म्हणजे आजारी माणसाला राबवल्यासारखं.

त्या जूनमध्ये दुकानात शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची झुंबड होती. किशोरी सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, माळ्यावर चढायला तिला सवड नव्हती. अशात एक दिवस दुकानात तिला एक मेल आली, पेटीच्या नोंदीत तिने उघड ठेवलेल्या पत्त्यावर. पाठवणारी एल्के नावाची कुणी बाई होती, कुठल्याशा थंड देशातली. या जाळ्यातले कॉम्प्युटर का गळतात, म्हणजे मध्येच बंद होऊन नाहीसे का होतात, याचा ती अभ्यास करत होती. मेल चार ओळींची होती. तुमचा कॉम्प्युटर काही दिवसांपासून दिसत नाही. तुमच्याकडे वादळी पाऊस आहे असं वाचलं. तुम्ही ठीक आहात ना? घाई नाही, सवडीने कळवा.

किशोरीने ती मेल दोनदा वाचली. समोर बारावीच्या पोरीचा बाप उभा होता, त्याला म्हणाली, "थांबा जरा," आणि शटर अर्धं ओढून घराकडे निघाली.

माळ्यावर पेटी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली होती. सुतळीने बांधलेली, गाठही होडीवर मारतात तशी. ताडपत्री सोडली तर आत पेटी चकाकत होती. पत्र्याला, फटींना, मागच्या भोकांना, सगळीकडे खोबरेल चोपडलेलं.

"आय!"

सोनाबाई खाली जाळ्याला बसल्या होत्या. "कनाला ओरडतेस?"

"पेटी कोणी बंद केली?"

"मी. बंदी लागली न्हाय का?"

"अहो आय, बंदी मासे धरायला आहे! पेटी कुठे मासे धरते?"

"तुला म्हाईत. खाऱ्या वाऱ्यात पत्र्याला गंज चढतो. तेल लावलं म्हून बरं, न्हायतर पुनवेला फेकून द्यायला लागली असती." सोनाबाईंना शाबासकीची अपेक्षा होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

किशोरीने वायर लावली. पेटीने एकदा घरघर केली, जळक्या खोबऱ्याचा वास आला आणि ती गप्प झाली.

विनेश दारात उभा राहून हसत होता. "भज्याचा वास सुटलाय. कांदा कापू का?"

"तुम्ही बोलू नका."

"न्हाय बोलत. पन किशोरी, खरंच सांगतो, ऱ्हाऊ दे आता. तुज्या हातातून पाट्या गेल्या तेवढ्या गेल्या. तुला कोन शाल-नारल देनार हाय? जगात हजारो असतील अशा पेट्या. एक गेली तर कोनाला कलनार?"

खरं तर किशोरीच्याही मनात तेच आलं होतं. दुकानाची ओढाताण, लाइनचं भाडं, लोकांना समजावत बसणं, आणि आता ही तळलेली पेटी. सोडून द्यावं. कुणाला कळणार आहे? ती "बरं" म्हणणारही होती. पण हातात मोबाइल होता, आणि मोबाइलवर त्या चार ओळी होत्या.

"कळलं एकीला," ती म्हणाली. "विचारलंय तिने. पेटी दिसत नाही, तुम्ही ठीक आहात का म्हणून."

सोनाबाईंची सुई थांबली. "कोनी इचारलं?"

"एल्के म्हणून आहे. परदेशातली."

"तुजी वलख?"

"नाही."

"पेटी दिसली न्हाय, म्हून माणसाचं इचारलं?"

"हो."

सोनाबाईंनी जाळं बाजूला ठेवलं. का, ते कळायला इथली रीत ठाऊक हवी. कोळीवाड्यात सगळ्या होड्या निघाल्या आणि एखादी निघाली नाही, तर दुसऱ्या दिवशी आळीतली एक बाई त्या घरी जातेच. भांडण असलं तरी जाते. रिकाम्या हाताने जात नाही, मूठभर सुकट नाहीतर चार पापड घेऊन जाते. आणि होडीचं आधी विचारत नाही. आधी म्हातारी कशी आहे, पोराचा ताप उतरला का, मग चहा, आणि मग अगदी उठता उठता, "होडी दिसली न्हाय गो काल?" कारण होडी उगाच थांबत नाही. घरात काहीतरी थांबलेलं असतं.

"मंग ती आपल्यातलीच हाय," सोनाबाई म्हणाल्या. "तिला सांग, सासू म्हातारी हाय, तिनं बंद केली. आनी रिकाम्या हातानं सांगू नको."

किशोरीने सगळं जसंच्या तसं लिहिलं, बंदी, ताडपत्री, खोबरेल, आणि सोबत सोनाबाईंचा जाळ्यासह फोटो जोडला. एल्केचं उत्तर लगेच आलं. ती म्हणे इतकी हसली की शेजारी बघायला आले. पण पुढे तिने लिहिलं होतं ते हसण्याचं नव्हतं. रोज कितीतरी कॉम्प्युटर या जाळ्यातून गळतात. आमच्याकडे त्यांचे आकडे आहेत, आलेख आहेत. कारणं मात्र अंदाजाने लिहितो, कारण आम्ही पाठवलेल्या प्रश्नांना कुणी उत्तर देत नाही. आपण उत्तर दिलंत, त्याबद्दल आभार.

किशोरीने ती प्रश्नावली मागवून घेतली. 'आपला सर्व्हर बंद होण्याचे कारण खालीलपैकी निवडा.' ती दुकानात मोठ्याने म्हणाली, "याला कोण उत्तर देईल? मी पण नसतं दिलं!" तिच्याकडे एल्केने हा कागद न पाठवता चार ओळी लिहिल्या होत्या, कारण वादळाची बातमी वाचून तिला राहवलं नाही. म्हणजे काम होत होतं ते त्या ओळींनी, प्रश्नावलीने नव्हे, आणि ते शिकलेल्या बाईच्या लक्षातच आलं नव्हतं. शिकलेल्यांचं असंच होतं. किशोरीने तिला तसं स्पष्ट कळवलं. एल्के समंजस निघाली. गळलेल्यांची यादी पाठवून म्हणाली, मग तुम्हीच विचाराल का?

ही झाली किशोरीची खरी कामगिरी. पेटी मुकी पडलेली, प्रवेशांची झुंबड ओसरून दुकान पावसाने ओस, आणि ही बाई गळलेल्या माणसांची दारं वाजवू लागली. ज्यांनी आपला मेलचा पत्ता उघड ठेवला होता त्यांनाच लिहायची, इतरांच्या वाटेला जायची नाही. रीत कोळीवाड्याची. आधी माणसाची चौकशी, मग हातातलं काही, म्हणजे इथला एखादा फोटो: कोर्लईच्या डोंगरावर उतरलेला ढग, वर ओढलेल्या होड्या, रंगूची मांजर. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुमची पेटी दिसली नाही.

उत्तरं येऊ लागली. एकाने घर बदललं होतं आणि नव्या घरमालकाला यंत्राचा आवाज खपत नव्हता. एकाला नेट कंपनीने दमात घेतलं होतं. एका पोराची पेटी पुराच्या पाण्यात गेली होती. एकीला बाळ झालं होतं. 'पेटी? कुठली पेटी? झोप मिळत नाही,' एवढंच तिने लिहिलं. एका ठिकाणी भावाच्या नावाने पाठवलेल्या मेलला बहिणीने उत्तर दिलं. भाऊ वारला होता. त्याच्या खोलीतला तो डबा कसला, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो बंद करून ठेवला होता. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं की तो काय करत होता. हे वाचल्यावर किशोरीने शटर पुरतं ओढलं.

पण सगळ्यात जास्त जणांनी लिहिलं ते वेगळंच होतं. काही झालं नव्हतं. पेटी एकदा बंद पडली. आज लावू, उद्या लावू म्हणता राहून गेली. कुणी विचारलंच नाही, तेव्हा वाटलं, नाहीतरी कुणाला कळणार आहे?

"बघा," किशोरी विनेशला म्हणाली, "तुमचंच वाक्य. साऱ्या जगात तेच."

विनेशने कान पकडला. दुसऱ्या दिवशी प्रज्योतला तोच घेऊन आला. प्रज्योतने पेटी उघडली, आत बघून "मॅडम, हिला फोडणी कुणी दिली?" म्हणाला, आणि सोनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर जीभ चावली. तेल पुसून, कुठकुठल्या मोडक्या डब्यांचे भाग जोडून त्याने पेटी उभी केली.

"आता चालू करू?" त्याने विचारलं.

"पुनवेला," सोनाबाई म्हणाल्या. आणि किशोरीने, कधी नव्हे ते, वाद घातला नाही. चूक सासूची असली तरी चौकशीची रीत तिचीच होती.

नारळी पुनवेला होडीची पूजा झाली, दर्याला नारळ गेला, आणि मग सोनाबाई हळदकुंकू घेऊन माळ्यावर चढल्या. पेटीला बोटभर कुंकू, वर एक फूल. तेलाची बाटली विनेशने आधीच लपवली होती. किशोरीने बटण दाबलं. घूं घूं सुरू झालं. सोनाबाईंनी पत्र्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

वर्षभर पेटी चालली. किशोरीची दारं वाजवणंही चाललं. ज्यांना तिने विचारलं त्यांच्यातले बरेच परत आले. त्या वारलेल्या भावाच्या बहिणीने डबा पुन्हा सुरू केला, आणि त्याला भावाचं नाव दिलं. एल्केने आपल्या अभ्यासात लिहिलं की गळणाऱ्यांना परत आणायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे माणसाने माणसाला विचारणं, आणि ही पद्धत रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली आहे. किशोरीने ते पान छापून, लॅमिनेट करून दुकानात लावलं आहे. इंग्रजीत आहे, कुणी वाचत नाही. ती स्वतः मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवते, अर्ज अडकलेला असला तरी.

पुन्हा जून आला. होड्या वर ओढल्या, इंजिनं उतरली. किशोरी त्या दिवशी दुकानात गेली खरी, पण लक्ष घराकडे. सोनाबाईंना ती काही बोलली नव्हती. सांगितलं असतं तर ऐकलं असतं, पण सासूला तिच्याच घरात हुकूम कसा द्यायचा? दुपारी न राहवून ती घरी आली, तर सोनाबाई माळ्याच्या शिडीवरून उतरत होत्या. काखेत निळी ताडपत्री.

किशोरी शिडीशी धावली. "आय, बंद केली?"

"कनाला बंद करू?" सोनाबाईंनी ताडपत्री तिच्या अंगावर टाकली. "कौल गलतोय वर. पेटीवर पानी पडत हुतं. जागा बदलली, कौल सारखं केलं. ही वली झाली, वालत घाल."

"पण बंदी..."

"तूच कोलीन ना गो? मुरुडला काय शिकवलं तुला?" सोनाबाई ओट्यावर टेकल्या. "सगल्या होड्या वर काढतात, पन एक पान्यात ठेवतात का न्हाय, इंजिनासकट? कोन बुडायला लागला, कोनाला पलीकडं दवाखान्यात न्यायचा झाला, तर? ती होडी बंदीत बी चालते. तिला कोन बोल लावीत न्हाय. तिच्यावर बसायला मान लागतो."

किशोरी ताडपत्री हातात धरून उभी राहिली. माळ्यावरून घूं घूं ऐकू येत होतं.

"उभी काय ऱ्हायलीस?" सोनाबाई म्हणाल्या. "आज कोन दिसला न्हाय, त्याला इचारलंस का? आनी फोटो माजा नको पाठवू, रंगूच्या मांजरीला पिल्लं झालीत, ती पाठव."